पहिलीचे प्रश्न: ग म भ न, पंचवीस आणि 'पानी'

जूनच्या मध्यावर कोकणातल्या शाळा उघडल्या. पहिलीतल्या मुलांच्या पालकांची तेव्हापासून आलेली पत्रे बहुतेक तीन गोष्टींबद्दल आहेत: अक्षरे, अंक आणि घरची बोली. त्यांतली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न: शाळा सुरू होऊन दोन महिने झाले, पण मुलीला अजून अ आ इ ई सलग म्हणता येत नाही. वर्गात क, म, न अशी मधलीच अक्षरं शिकवतात म्हणे. घरी तक्ता लावून पाठ करून घेऊ का?
(एक आई, मालवण)

तक्ता लावा, पाठांतराची घाई मात्र नको. मुळाक्षरांचा क्रम उच्चाराच्या जागांवर बसवलेला आहे. घशाकडचे क ख ग आधी, ओठांचे प फ ब भ म शेवटी. हा क्रम पुढे शब्दकोश चाळताना लागतो, वाचायला शिकताना लागत नाही. क्रमाने गेले तर पाचव्याच अक्षराला 'ङ' येतो, आणि त्याने सुरू होणारा एकही शब्द मुलीला देता येत नाही.

बाई निवडतात ती अक्षरे शब्द लगेच जुळावेत म्हणून. क, म, न आणि काना एवढेच घ्या. काका, मामा, नाना, कान, नाक, मान, काम, मका, कमान असे नऊ शब्द झाले. चौथ्या आठवड्यात र आणि दुसरी वेलांटी आली की मी, काकी, मामी, मीरा तयार. (तुमच्या घरचा 'माका'सुद्धा याच अक्षरांत बसतो. तोही लिहून दाखवा, मुलगी हसेल आणि विसरणार नाही.)

जुन्या पिढीचे 'ग म भ न' हा वेगळा हिशेब आहे. ही अक्षरे हाताच्या वळणाने सारखी, म्हणून लिहायला एकत्र शिकवली जात. पण हाताला जे सोपे तेच डोळ्याला अवघड जाते. म आणि भ, घ आणि ध यांत ठळक फरक शिरोरेषेचा: म आणि घ यांच्यावर ती सलग, भ आणि ध यांच्यावर तुटलेली. घरी शिकवताना शिरोरेषा नंतर देऊ म्हणून सोडली तर मुलाला हा फरक दिसतच नाही आणि 'धर'चे 'घर' होते. या दोन जोड्या एकाच आठवड्यात घेऊ नका. एक पक्के होऊ द्या, मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग दुसरे.

स्वरचिन्हांत सगळ्यात जास्त अडते ते पहिल्या वेलांटीशी. ती छापली जाते अक्षराच्या डावीकडे आणि उच्चारली जाते अक्षरानंतर. मूल डावीकडून वाचत येते, म्हणून 'किनारा'चा 'इकनारा' करते. ही मुलाची चूक म्हणण्यापेक्षा लिपीची खोड म्हणावी. म्हणून दुसरी वेलांटी आधी घेतलेली बरी: ती उजवीकडे असते आणि होडी, पाणी, वाडी, भाजी अशा रोजच्या शब्दांत शेवटी तीच येते. ती रुळली की 'विहीर' द्या. एकाच शब्दात दोन्ही वेलांट्या आहेत, बोट ठेवून फरक दाखवता येतो.

बाराखडीबद्दल एवढेच, की ती आता चौदाखडी आहे. बॅट आणि बॉल लिहायला लागणारे ॲ आणि ऑ तिच्यात आले. ती सुरात म्हणता येणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे. तपासायचे असेल तर मधलेच 'मु' किंवा 'के' दाखवा. मूल मनात 'म मा मि मी' पासून चढत 'मु'पर्यंत येत असेल तर पाठांतर झाले आहे, वाचन अजून झालेले नाही.

प्रश्न: आमच्या घरी आगरी बोलतात. मुलगा 'पानी', 'डोला', 'गारी' म्हणतो आणि लिहितोही तसंच. शाळेतून निरोप आला की घरी शुद्ध बोला. माझ्या सासूबाईंना आता या वयात कसं शुद्ध बोलायला सांगू?
(एक आई, उरण)

सासूबाईंना काहीही सांगू नका. आजीच्या गोष्टींतून मुलाला जो शब्दसाठा मिळतो तो पुस्तकातून मिळायला तीन-चार वर्षे जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. 'शुद्ध बोला' या निरोपाचा परिणाम बहुतेक वेळा एकच होतो: मूल वर्गात गप्प बसते आणि मग 'याला काही येत नाही' असे ठरते.

मुलगा लिहिताना चुकत नाही, ऐकलेलेच लिहितो. आगरी-कोळी बोलीत ण चा न, ळ चा ल आणि ड चा र होतो, त्यामुळे त्याच्या कानाला हे फरक वेगळे लागतच नाहीत. म्हणून काम कानापासून सुरू करायचे. अर्थ बदलणाऱ्या जोड्या घ्या: वेळ-वेल, माळ-माल, काळा-काला, मन-मण, वाडी-वारी. तुम्ही एक शब्द म्हणायचा, त्याने चित्र किंवा वस्तू दाखवायची. रोज पाच मिनिटे, दोन आठवडे, आणि एका वेळी एकच फरक. ळ आणि ण एकाच दिवशी घेतले की दोन्ही फसतात. कानाला कळले की ळ म्हणायला शिकवा: जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायचे आणि सोडायचे. लिहिणे त्यानंतर.

दुरुस्ती फक्त लिहिताना करावी. तो 'बाय, पानी दे' म्हणाला तर पाणी द्यावे.

सिंधुदुर्गातून आलेल्या दोन पत्रांत हाच प्रश्न मालवणीबद्दल आहे, पण तिथली अडचण निराळी. मालवणीत ळ आणि ण शाबूत आहेत. फरक पडतो शब्दांच्या शेवटाला आणि नेहमीच्या शब्दांत: आंबो-आंबा, घोडो-घोडा, माका-मला, खय-कुठे, झील-मुलगा, चेडू-मुलगी. तिथे भिंतीवर दोन रकान्यांचा कागद लावावा, एकावर 'घरात', दुसऱ्यावर 'पुस्तकात'. रोज एक जोडी मुलानेच सांगायची. महिन्याभरात तीसेक जोड्या जमतात आणि मुलाला कळते की आपले शब्द चुकीचे नाहीत, पुस्तकातले दुसरे आहेत.

प्रमाण मराठीही काही सरळ नाही. 'चाक' आणि 'चार' यांतला च एकसारखा नाही, 'जाळे' आणि 'जेवण' यांतला ज ही नाही, तरी अक्षर एकच. वाचताना मूल इथे अडखळले तर शब्द म्हणून दाखवा आणि पुढे जा. नियम सांगत बसू नका.

प्रश्न: मुलगा पंचवीस सांगितले की ५२ लिहितो. एकोणतीसला कधी ३१, कधी ३०. शंभरपर्यंत म्हणायला मात्र धडाधड म्हणतो. गणितात कच्चा आहे का?
(एक पालक, राजापूर)

नाही. मराठीने त्याच्यासमोर जे ठेवले आहे ते अवघड आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. लिहिताना उलटे, दोन आधी. ऐकल्या क्रमाने लिहिणारे प्रामाणिक मूल ५२ च लिहिणार. शेजारच्या कन्नडमध्ये वीस आधी आणि एक नंतर, त्या मुलांना हा फेरा नाही. एकोणतीसची तऱ्हा आणखी वेगळी. 'तीसला एक कमी' असा त्याचा अर्थ, पण मुलाला ऐकू येते 'एक' आणि 'तीस', म्हणजे एकतीस. एकोणीस ते एकोणनव्वद अशा आठ संख्या या पद्धतीच्या आहेत. मग नव्व्याण्णवला भाषा अचानक पद्धत बदलते. बावन्न-त्रेपन्नमध्ये पन्नासचा नाद शोधावा लागतो तो भाग निराळाच.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची दुसरी पद्धत आली तेव्हा मोठा गदारोळ झाला. 'एकवीस' बंद करावे असे कुणी म्हणू नये, आम्हीही म्हणत नाही. पण मधली पायरी म्हणून 'वीस आणि एक' फार उपयोगाचे आहे. ती अशी वापरा.

नारळाच्या झापाचे वाळलेले हीर घ्या. एका जुन्या केरसुणीतून शंभर सहज निघतात. बोटभर लांबीचे तुकडे करा, टोके बोथट करा (डोळ्याला लागते), कडा सुरीने खरवडून घ्या. दहा मोजायचे आणि रबर लावून जुडी करायची. जुडी मुलानेच बांधायची, हे महत्त्वाचे. तयार जुड्या हातात दिल्या तर तिच्यात दहा आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि तो प्रत्येक वेळी जुडी सोडून पुन्हा मोजतो. मग दोन जुड्या डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे. आधी म्हणायचे 'दोन दशक पाच सुटे', नंतर 'वीस आणि पाच', शेवटी 'पंचवीस'. लिहायचे ते मांडणीकडे पाहून, कानावर भरवसा ठेवून नाही.

'वीस आणि पाच' सुरू केले की काही मुले २०५ लिहितात. घाबरू नका, ही पुढची चूक आहे, म्हणजे प्रगतीच. पुठ्ठ्याची कार्डे करा: १० ते ९० दशकांची नऊ कार्डे दहा सेंटिमीटर रुंद, १ ते ९ ची नऊ कार्डे पाच सेंटिमीटर रुंद. २० च्या शून्यावर ५ चे कार्ड ठेवले की २५ दिसते, उचलले की खालचे शून्य दिसते. एवढे पंधरा दिवस केले तर २०५ बंद होते.

एकोणतीससाठी तीन जुड्या मांडा आणि एकीतली एक काडी काढून घ्यायला सांगा. 'तीसला एक कमी, एकोणतीस.' आठही संख्या अशाच करा. गणपतीपर्यंत वीस आणि वर्षाअखेर नव्व्याण्णव हा वेग पुरेसा आहे. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातही पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या वाचणे-लिहिणे आणि सोपी बेरीज-वजाबाकी एवढेच लक्ष्य आहे. बोटे मोजली तर मोजू द्या.

मोजायला चिंचोके, गजगे, शिंपल्या चालतात. काजूच्या बिया नकोत, त्यांच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी विषारी, एरंडाच्या बियाही तशाच, त्या घरातच आणू नका. आणि धाकटे भावंड रांगत असेल तर चिंचोकेही उचलून ठेवा, ते नाकात जातात. आंब्याच्या दिवसांत घरात डझनाचा हिशेब चालू असतो. तो मुलाला ऐकू द्या, पण जुड्या दहाच्याच ठेवा.

प्रश्न: दप्तर किती जड असावं? आणि रोज दोन पानं गृहपाठ योग्य आहे का?
(एक पालक, चिपळूण)

२०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. पहिलीच्या मुलाला म्हणजे साधारण दीड ते सव्वादोन किलो. त्याच धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असे स्पष्ट आहे. दोन पाने रोज हे जास्तच आहे. शिक्षकांशी बोला. पावसाळ्यात भिजलेली छत्री आणि भरलेली पाण्याची बाटली यांनीच अर्धा किलो-किलो वाढतो हेही लक्षात घ्या.

प्रश्न: मुलगी लिहिताना पेन्सिल मुठीत धरते, चार ओळींत हात दुखतो म्हणते. काही अक्षरे उलटी काढते. शिवाय डावरी आहे.
(एक आई, दापोली)

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हात दुखतो कारण बोटांत अजून जोर नाही, आणि तो जोर लिहून येत नाही. बिरड्याचे मोड आलेले वाल सोलणे याहून चांगला व्यायाम सांगता येणार नाही: अंगठा आणि दोन बोटे, नेमका दाब, वाल मोडला तर लगेच कळते. पीठ मळणे, अबोलीचा वळेसर गुंफणे, शेंगा सोलणे हेही चालेल. आठवड्यातून एकदा पुळणीवर भिजल्या वाळूत बोटाने हातभर मोठे अक्षर काढू द्या. वळण खांद्यातून आले की मनगटात लवकर उतरते.

पेन्सिल अर्धी तोडून द्या. आखूड पेन्सिल मुठीत धरताच येत नाही, आपोआप तीन बोटांत येते. टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटर वर धरायची. सलग लिहिणे दहा मिनिटांच्या वर नको. आधी उभ्या, आडव्या, तिरप्या रेषा आणि अर्धगोल, मग अक्षर, शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एकदम. शाळेतली लेखणी-पाटी अजून असेल तर उत्तम. पाटीवर किंचित दाब लागतो आणि चूक पुसली की गेली.

उलटी अक्षरे सात वर्षांपर्यंत सर्रास दिसतात. त्यावर लाल रेघ मारू नका, बाजूला सुलटे काढून दाखवा.

डावरेपण बदलू नये. वही थोडी उजवीकडे कललेली ठेवा आणि तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा, म्हणजे शेजारच्याचे कोपर लागत नाही. शिक्षिका वळण शिकवताना तिच्यासमोर बसून हात दाखवत असतील तर तिला आरशातल्यासारखे सोपे जाते.

प्रश्न: मुलाला जूनमध्ये साडेपाच वर्षं पूर्ण होतील. घालावं का?
(एक पालक, पेण)

महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होत असतील तर प्रवेश मिळतो, म्हणजे मिळेल. पण वर्गात काही मुले त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असतील, आणि या वयात वर्ष म्हणजे फार. अंगणवाडी नियमित झाली असेल, स्वतः जेवता-धुता येत असेल आणि सांगितलेल्या दोन कामांची साखळी ('चप्पल जागेवर ठेव आणि आजोबांना हाक मार') लक्षात राहत असेल तर घाला. नाहीतर एक वर्ष थांबण्यात काही बिघडत नाही. एप्रिल आणि जूनमध्ये शाळेत 'पहिले पाऊल'चा मेळावा भरतो. तिथे भाषा, गणनपूर्व तयारी, हालचाली अशी टेबले असतात. मुलाला घेऊन जा, अंदाज येईल.

प्रश्न: आमच्या वाडीच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून अकरा मुलं, दोन शिक्षक. पहिली-दुसरी एकत्र बसतात. पोरांचं नुकसान होतं का?
(शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य, गुहागर)

शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हेच प्रमाण आहे, त्यामुळे ही स्थिती कोकणात नेहमीची. अकरा मुलांत प्रत्येकाचे वाचन रोज ऐकता येते, हे शहरातल्या चाळीसच्या वर्गाला जमत नाही. नुकसान होते ते एका सवयीने: दुसरीला शिकवताना पहिलीला गप्प ठेवण्यासाठी 'फळ्यावरचे उतरवून काढा' सांगितले जाते. न वाचता येणारे मूल उतरवताना चित्र काढत असते. वहीची पाने भरतात, डोक्यात काही जात नाही.

समितीत हे विचारा: दिवसातून दोन वेळा, वीस-वीस मिनिटे, पहिलीकडे शिक्षकांचे पूर्ण लक्ष असते का? उरलेल्या वेळात पहिलीला करण्याजोगे काही हातात असते का? शब्दपट्ट्या जुळवणे, काड्यांच्या जुड्या, चित्रावर बोलणे. दुसरीच्या मुलाने पहिलीच्या मुलाला धडा वाचून दाखवणे दोघांनाही लाभते. शाळेचा माता गट असेल तर त्यातल्या एका आईने आठवड्यातून एकदा येऊन गोष्ट सांगावी, बोलीत सांगितली तरी चालेल.

प्रश्न: व्हाळाला पाणी आलं की शाळा बुडते. मग गणपतीची सुट्टी. परत गेल्यावर सगळं विसरलेलं असतं.
(एक आई, लांजा)

सगळे विसरत नाही. ओळीने पाठ केलेले आधी जाते, वापरलेले टिकते. बुडालेल्या दिवशी घरी वीस मिनिटे पुरतात: दहा मिनिटे गोष्ट ऐकून तिच्यावर 'मग पुढे काय, का' असे प्रश्न, पाच मिनिटे शिकलेल्या अक्षरांतले शब्द मोठ्याने वाचणे, पाच मिनिटे जुड्या. नवीन अक्षर घरी सुरू करू नका, शाळेशी ताळमेळ जातो.

गणपतीत मुले आरतीचे पुस्तक समोर धरून घडाघडा 'वाचतात'. त्याचे कौतुक करा, पण ते वाचन नव्हे. पुस्तकातला धडाही असाच पाठ होतो, आणि दिवाळीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न: एप्रिलमध्ये मुलाला नेमकं किती आलं हे घरी कसं कळेल?
(एक पालक, रत्नागिरी)

न पाहिलेला मजकूर द्या. जोडाक्षर नसलेली चार-पाच शब्दांची वाक्ये स्वतः लिहा: 'बाबा बाजारातून ताजे मासे आणतात.' 'ताई नदीवर कपडे धुते.' अशी पाच. चार वाचता आली आणि 'मासे कुठून आणले?' याचे उत्तर आले की झाले. अडखळत वाचले तरी चालेल, वेग दुसरीत येतो. मग चार शब्द सांगून लिहायला लावा: माड, होडी, पाऊस, वेल. अंकांत ३७ आणि ७३ पैकी मोठी कोणती आणि का, १४ मध्ये ५ मिळवून किती, १२ काड्यांतून ४ काढल्या तर किती.

फार कमी आले तर शिकवणी लावण्याआधी डोळे आणि कान तपासा. फळ्यावरचे उतरवताना शेजारच्याच्या वहीत बघणे, पुस्तक नाकाशी धरणे ही नजरेची लक्षणे. पाठीमागून हळू हाक मारल्यावर न वळणे, सारखे 'काय?' विचारणे ही कानाची. पावसाळाभर सर्दी वाहणाऱ्या मुलाच्या कानात पडद्यामागे पाणी साचते आणि ऐकणे मंदावते. तपासणीशिवाय ते कळत नाही आणि मूल दुर्लक्ष करते असे वाटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर मुख्याध्यापकांकडे विचारून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून घ्या. 'वाचनदोष आहे' असा शिक्का पहिलीच्या मुलावर कुणी मारत असेल तर तो मान्य करू नका. त्यासाठीच्या चाचण्या साधारण आठव्या वर्षाच्या पुढे करतात, आणि त्यातही आधी डोळे-कानांचा अहवाल मागतात.